झडपचा डावा पंख

१

"हे माझं नाही."

दादा एवढंच बोलले. पण माईकसमोर बोलले, त्यामुळे ते शेवटच्या रांगेपर्यंत गेलं.

प्रदर्शनाचं दालन माणसांनी गच्च भरलं होतं. मधल्या भिंतीवरचा पडदा नुकताच बाजूला झाला होता आणि टाळ्यांना आत्ता कुठे रंग चढत होता. ज्यांच्या सत्कारासाठी हा सगळा घाट घातला होता, त्या म्हाताऱ्या चित्रकाराने चौकटीतल्या चित्राकडे बोट दाखवलं आणि पुन्हा सांगितलं, "मी काढलेलं नाही हे. दुसऱ्या कोणाचा तरी हात आहे."

ते झडपचं पहिलंवहिलं चित्र होतं. झडप म्हणजे पंखवाला झडप. इमारतींच्या खिडक्या पुसता पुसता हवेत झेप घेणारा, काळोख्या नावाच्या दुष्टाच्या नाकी नऊ आणणारा. दोन पिढ्यांची पोरं त्याच्या चित्रकथा पांघरुणात घेऊन वाढली होती. हे चित्र मात्र आजवर बाहेरच्या कोणीच पाहिलं नव्हतं. दादांनी ते तरुणपणी काढलं, कापडात गुंडाळलं आणि घरात ठेवून दिलं. छपराच्या कडेवर पाठमोरा उभा असलेला झडप, खाली पसरलेलं शहर, दोन्ही पंख उघडलेले. उजवा ताठ आणि डावा टोकाशी मुडपलेला, जसा तो नेहमीच असतो.

व्यासपीठावर ताई बसल्या जागी गार पडली. ती दादांची एकुलती एक मुलगी आणि झडपच्या मासिकाची संपादक. आता काय करावं ते तिला सुचेना. सुचलं ते तिच्या नवऱ्याला. त्याने पुढे होऊन दादांच्या खांद्याभोवती हात टाकला, माईक हळूच बाजूला केला आणि लोकांना हसून म्हणाला, "दादांना जरा थकवा आलाय. एवढी गर्दी बघायची सवय राहिली नाही त्यांना."

लोक समजुतीने हसले. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं, ते नवऱ्याच्या चांगुलपणाने.

घरी आल्यावर दादा स्वयंपाकघरात खुर्चीवर बसले. ताईने चहा पुढे ठेवला. कपाला हात न लावता ते म्हणाले, "त्याचा पंख सरळ होता."

"कोणाचा, बाबा?"

"झडपचा. दोन्ही पंख सरळ होते त्याचे."

ताईने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने मान खाली घातली. झडपचा डावा पंख मुडपलेला आहे हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल, आणि ज्याने तो काढला त्यालाच ते आठवत नव्हतं. ताईने पदराने डोळे टिपले आणि डॉक्टरांना फोन लावायला ती बाहेरच्या खोलीत गेली.

२

डॉक्टरांनी वयाकडे बोट दाखवलं. दादांना आठवड्याचा वार विचारला तर ते म्हणाले, "तुम्हाला माहीत नाही का?" तेही त्यांच्या खात्यात वाईटच जमा झालं. महत्त्वाचे निर्णय आता दुसऱ्या कोणीतरी घेतलेले बरे, असं डॉक्टर जाता जाता बोलले.

प्रकाशनाच्या मालकांना तेवढंच हवं होतं. गेली काही वर्षं त्यांचा एकच ध्यास होता: झडपला मारायचं. मोठा जाडजूड शेवटचा अंक, मुखपृष्ठावर शहराच्या रस्त्यात निपचित पडलेला झडप, आणि दुकानांपुढे रांगा. मध्ये दादा आडवे आले होते. झडपचं काय करायचं हे तेच ठरवणार, असं मालकांच्या वडिलांनी फार पूर्वी कबूल करून ठेवलं होतं. विषय निघाला की दादा एवढंच म्हणायचे, "मी मेल्यावर मारा." आता मालकांनी वकिलाकडून एक कागद करून आणला. दादांचं मन ठिकाणावर नाही, सबब झडपबद्दलचे सगळे अधिकार मुलीकडे. खाली ताईच्या सहीची जागा मोकळी ठेवली होती.

"सही तू करायची आहेस, अंत मी बघून घेईन," मालक म्हणाले.

ताईची सही झाली की झडप मेला, हे तिला कळत होतं. आणि बापाला वेडा ठरवून मेला, हेही कळत होतं. ती रोज कागद उघडायची आणि मिटून ठेवायची.

अशा वेळी ती बाई आली. बुटकी, गोल चेहऱ्याची, हातात दप्तरासारखी पिशवी. चित्राचा विमा उतरवला होता आणि चित्रकारानेच चारचौघांत ते खोटं ठरवलं होतं, तेव्हा विमा कंपनीने आपली तपासनीस धाडली होती. तिच्या कचेरीत तिला कासवबाई म्हणतात, हे तिनेच आल्या आल्या सांगून टाकलं.

"कागद जुनाच आहे," ती म्हणाली. "शाई पण जुन्या पद्धतीची. त्यातले जाणकार हात वर करून मोकळे झालेत. मला चित्रातलं ओ की ठो कळत नाही. मी नुसते प्रश्न विचारते. तुम्ही बरोबर राहाल का? म्हणजे कोण काय बोलतंय ते मला समजेल."

ताई हो म्हणाली. बाबांचा भ्रम आहे एवढं एकदा सिद्ध झालं की सही करायला हात धजावेल, असं तिला वाटत होतं.

"मग तुमच्यापासून सुरू करू," बाईने पिशवी मांडीवर घेतली. "मी झडप कधी वाचला नाही. त्याचा पंख कशाने मुडपला हो?"

ताईला हसू आलं. पण सांगताना तिचा आवाज बदलला. झडपची आई दीपगृहात दिवा सांभाळायची. वादळाच्या दिवशी तिला मूल झालं, ओल्या पंखांचं. वाऱ्याने लोखंडी दार आपटलं आणि बाळाचा डावा पंख टोकाशी दारात सापडला. म्हणून झडप उजवीकडे गर्रकन वळतो, पण डावीकडे वळताना त्याला कळ येते. काळोख्याला हे माहीत आहे. म्हणूनच तो नेहमी डावीकडून येतो.

"लहानपणी काका मला झोपवताना सांगायचे ही गोष्ट," ताई म्हणाली.

"म्हणजे जन्मापासूनच मुडपलेला."

"जन्मापासूनच."

बाईने मान डोलावली. "आता सांगा, दादांसारखं हुबेहूब कोणाकोणाला काढता येतं?"

ताईने विचार केला, आणि मनात आलेल्या प्रत्येक माणसाला तिने बाबांच्या खालोखाल जीव लावला होता, हे तिच्या ध्यानात आलं.

३

प्रकाशनाचं कार्यालय छापखान्याच्या वर होतं. खाली यंत्र सुरू झालं की वर टेबलावरचे पेन्सिलींचे डबे थरथरायचे. काका खिडकीशी बसले होते. काका म्हणजे ताईचे सख्खे काका नव्हेत. झडपच्या सगळ्या गोष्टी त्यांनी लिहिल्या, आणि तरुणपणी ते स्वतःही चित्रं काढायचे. पण प्रदर्शनाच्या फलकावर फक्त दादांचं नाव लागलं होतं. काकांनी त्यावर अवाक्षर काढलं नव्हतं, आणि हेच ताईला खुपत होतं.

काकांनी बोटांनी चाचपडत बशीची कड शोधली आणि कप खाली ठेवला. मोतीबिंदू पिकला होता, पण शस्त्रक्रियेचं नाव काढलं की ते विषय बदलायचे.

"फलकावर नाव नाही याचा राग आला का?" बाईने सरळ विचारलं.

"आला ना. यायलाच हवा. मी काय संत आहे?" काका हसले. "पण दादा बोलला ते ऐकून राग पळाला. मित्र असा लोकांसमोर हास्यास्पद व्हावा हे बघवत नाही. बघवत म्हणजे काय, मला तसंही काही बघवत नाही म्हणा."

"झडपचा पंख कशाने मुडपला?"

काका खो खो हसत सुटले. "छापलंय तेच सांगू का खरं सांगू? किमतीपायी मुडपला हो बिचारा! किमतीपुढे कोणाचं चाललंय? आपण कमरेत वाकतो, त्याचा नुसता पंख वाकला."

काका असंच बोलायचे. दर चार वाक्यांमागे एक तत्त्वज्ञान. ताईने बाईकडे बघून डोळे मिचकावले, पण बाई गंभीर होती.

मालक आपल्या खोलीत होते. शिकताना त्यांनीही चित्रं काढायच्या बोर्डावर दिवस काढले होते, घाईच्या वेळी इमारती आणि ढग ते स्वतः काढून द्यायचे. चौकटीत बसवण्याआधी चित्राचं पुडकं त्यांच्याच लोखंडी कपाटात होतं. ते उघडून बघितलं का, या प्रश्नावर ते भडकले.

"मी कशाला बघू? दादांच्या जावईबापूंनी आणून दिलं तसं ठेवलं, चौकटवाला आला तेव्हा तसं दिलं. आणि हे बघा, दादांना खोटं पाडून माझा फायदा होतोय हे मलाही कळतं. म्हणून लगेच मीच केलं असं होत नाही."

"झडपचा पंख कशाने मुडपला?"

"आमच्या वडिलांमुळे," मालक तिरसटपणे म्हणाले. "त्यांचा एकच हट्ट. काही झालं तरी किंमत झाकली जाता कामा नये. त्या हट्टाने भल्याभल्यांना वाकवलं त्यांनी. त्यात झडपही आला."

म्हातारे मालक पैशाला चिकट होते हे सर्वश्रुत होतं. ताईला वाटलं, दोघांनीही आज ठरवून कोड्यात बोलायचं व्रत घेतलंय. बाईने मात्र पिशवीची चेन ओढली, एकदा उघडली, एकदा बंद केली, आणि विचारलं, "आता तुमच्या यजमानांना भेटू या?"

"त्यांची काय गरज? घरचाच माणूस आहे."

"म्हणूनच," बाई म्हणाली.

४

ताईच्या नवऱ्याला कार्यालयात सगळे जावईबापू म्हणत. आधी चेष्टेने, मग सवयीने. तो दादांचा शिष्य. दादांचा हात कापायला लागल्यापासून झडप तोच काढायचा आणि खाली सही दादांची व्हायची. याबद्दल त्याने कधी कुरकुर केली नव्हती. दादांचं पथ्य, दादांचा चष्मा, दादांच्या दाढीचं पाणी, सगळं तोच बघायचा. लोक ताईला म्हणायचे, नशीब काढलंस.

बाईने प्रश्न विचारताच त्याचा चेहरा उजळला. दीपगृह, वादळ, लोखंडी दार. ताईने सांगितली होती तीच गोष्ट, पण जास्त बारकाव्याने. दाराला गंज कुठे होता तेही त्याने सांगितलं.

"लहानपणी फार आजारी असायचो मी," तो म्हणाला. "जन्मकथेचं ते पुस्तक उशाशी लागायचं. वाटायचं, ह्याचा पंख जन्मापासून असा आणि तरी हा उडतो, मग आपण का घाबरायचं? मी चित्रकार झालो तो त्या पंखामुळे."

तो खरं बोलत होता. त्याच्या आवाजातच ते होतं. ताईला त्याचा हात हातात घ्यावासा वाटला.

मग बाईने दादांना भेटायचं म्हटलं. "दार लावून घेते. तुम्ही बाहेर थांबा, राग मानू नका."

ताई माजघरात बसली. बाबा आता काय बरळतील आणि ही परकी बाई मनात काय म्हणेल, या विचाराने तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आतून बराच वेळ दादांचा आवाज येत राहिला. इतकं सलग बोलताना तिने त्यांना कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं. मग चक्क हसणं ऐकू आलं, आधी बाईचं, मागून दादांचं.

बाहेर आल्यावर बाईने विचारलं, "ते पुडकं घरात कुठे असायचं?"

ताईने तिला कोठीच्या खोलीत नेलं. माळा दाखवला. माळ्याच्या भिंतीपलीकडे न्हाणीघर होतं. भिंत नुकती रंगवलेली, रंगाचा वास अजून कोंडून राहिला होता.

"फक्त हीच भिंत रंगवलीत?"

"पोपडे आले होते म्हणून नवऱ्याने रंगवली. सुट्टीच्या दिवशी स्वतः. कोणाला मदतीलाही घेतलं नाही," ताईने कौतुकाने सांगितलं. "पुडकंही तोच सांभाळायचा. बाबांनी लग्नानंतर त्याच्या हातात दिलं होतं. म्हणाले होते, माझ्या मुलीनंतर हेच माझं."

बाईने भिंतीला तळवा लावून बघितला. "सही कधी आहे?"

"उद्या सकाळी."

"जरा दमानं घ्या," कासवबाई म्हणाली आणि पिशवी सावरत निघून गेली.

५

पण दुसऱ्या सकाळी ताईने सही केली.

रात्री नवऱ्याने तिला फार हळुवार समजावलं होतं. दादांना या सगळ्या ओझ्यातून मोकळं करू या, म्हणाला. झडपला मारायचं की नाही ते नंतर बघू, मालकांना आपण पटवू. आधी बाबांना शांतता मिळू दे. यात कुठे काही चुकीचं वाटत नव्हतं. मालकांच्या खोलीत काका आणि नवरा साक्षीला उभे होते. ताईने डोळे मिटून घ्यावेत तशी पटकन सही ठोकली. शाई वाळायच्या आत दार उघडलं आणि कासवबाई आत आली. तिने कागदाकडे पाहिलं, सहीकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा पडला.

"मी म्हटलं होतं, दमानं घ्या."

"निकाल लागला का तुमचा?" मालकांनी विचारलं.

"लागला. चित्र खोटं आहे. दादा खरं बोलत होते."

ताई पुढे झाली. "पण बाबा म्हणतात पंख सरळ होता!"

"होताच."

"कोण म्हणतं?"

"हे दोघं." बाईने काका आणि मालकांकडे बोट केलं. "कालच म्हणाले, तुमच्यादेखत. किमतीने मुडपला म्हणून. तुम्हाला ते तत्त्वज्ञान वाटलं. मी अडाणी, मी शब्दशः घेतलं. काका, सांगा हिला."

काकांचं हसू केव्हाच मावळलं होतं. "अगं, मुखपृष्ठावर वरच्या कोपऱ्यात तो किमतीचा गोल असतो ना? सुरुवातीच्या एका अंकावर झडपचा डावा पंख नेमका त्या गोलावर आला. थोरले मालक म्हणाले, किंमत झाकायची नाही, पंख काप. दादा म्हणाला, कापणार नाही, आणि त्याने टोक मुडपलं. बस्स. मग पोरांची पत्रं आली, पंखाला काय झालं म्हणून. तेव्हा मी ते दीपगृह रचलं. पुढच्या आवृत्त्यांत मागचे सगळे पंखही मुडपून घेतले. जुन्या प्रती कधीच रद्दीत गेल्या."

"आणि पहिलं चित्र त्या मुखपृष्ठाच्या कितीतरी आधीचं," बाई म्हणाली. "तेव्हा ना किंमत होती, ना गोल."

"मग तुम्ही दोघं त्या दिवशी बोलला का नाहीत?" ताई जवळजवळ ओरडली.

"मला समोर पांढरा चौकोन दिसत होता गं नुसता," काका पुटपुटले. "लाजेने बोललो नाही. आणि दादा पंखाबद्दल काही म्हणाला हे मला आत्ता कळतंय. ते तू मला सांगितलं नाहीस."

मालकांनी खाकरून घसा साफ केला. "मी त्या दिवशी दालनात पाहिलं होतं. पण इतकी वर्षं वाकडाच बघतोय. वाकडा दिसला, खटकलंच नाही. मला वाटलं चित्र आहे, छान आहे."

"बरोबर," बाई म्हणाली. "आता बघा. ज्याने नक्कल केली त्याच्यापुढे अख्खं चित्र असतं, तर त्याने पंख सरळच काढला असता. समोरचं सोडून मनचं कोण कशाला काढेल? म्हणजे त्याच्यापुढे डावा पंख नव्हताच. चित्राचा तो भाग गेलेला होता. मग त्याने तो आठवणीने भरला. काकांनी भरला असता तर सरळ भरला असता. मालकांनीही. दादांनी स्वतः विसरून दुसरं काढलं म्हणावं, तर त्यांना या सगळ्यांपेक्षा जास्त आठवतंय. मुडपलेला पंख तोच काढील, ज्याला दीपगृहाची गोष्ट खरी वाटते. माझ्या प्रश्नाला ती गोष्ट उत्तर म्हणून फक्त दोघांनी सांगितली. त्यातल्या एकीला..." तिने ताईकडे बघितलं. "तुम्हाला चित्र काढता येतं?"

ताईने मान हलवली. तिला साधं फूलही धड काढता येत नव्हतं.

ताईने नवऱ्याकडे बघितलं नाही. तो काहीतरी बोलेल, बाईला वेड्यात काढेल, हसेल, याची ती वाट बघत होती.

"मी चोरलं नाही," तो म्हणाला.

"चोरलं असं मी म्हटलंच नाही," बाई शांतपणे म्हणाली. "भिंत का रंगवलीत?"

६

पुडकं माळ्यावर होतं. न्हाणीघराच्या भिंतीतून ओल येत होती हे त्याला ठाऊक होतं, ताईने दोनदा सांगितलंही होतं की ते दुसरीकडे हलव. आज हलवू, उद्या हलवू करत राहून गेलं. प्रदर्शनासाठी म्हणून त्याने गाठ सोडली, तेव्हा डाव्या अंगाचा कागद कापडालाच चिकटून त्याचा लगदा झाला होता. उजवा पंख, छप्पर आणि दादांची सही तेवढी शाबूत.

"मला सांगायचं होतं," तो म्हणाला. "पण त्यांनी ते माझ्या हातात दिलं होतं. म्हणाले होते, मुलीनंतर हेच माझं. कसं सांगणार? जुना कोरा कागद कार्यालयात होता. पंख मला झोपेतही काढता येतो. कोणाला कळणार नाही असं वाटलं."

"उरलेला तुकडा कुठे आहे?" बाईने विचारलं. "तुम्ही तो टाकून दिला नसणार."

तो आपल्या बोर्डापाशी गेला. पाठीमागची पातळ फळी सरकवली आणि अर्धं चित्र काढून आणलं. छपराच्या कडेवर अर्धा झडप उभा होता. ताईने ते हातात घेतलं नाही.

"चित्र खराब झालं, ते मी समजू शकते," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटत होता. "भीतीने नवीन काढलंस, तेही समजू शकते. पण बाबा त्या दिवशी उभे राहिले आणि खरं बोलले. तू त्यांच्या खांद्यावर हात टाकलास. थकवा आलाय म्हणालास. डॉक्टर बोलावला तेव्हा तू त्यांचा हात धरून बसला होतास. काल मला समजावत होतास, त्यांना शांतता मिळू दे. माझ्या बापाला वेडा ठरवायला तू माझ्याकडूनच सही करून घेतलीस."

"मला वाटलं, चार दिवसांत सगळे विसरतील."

"कोण विसरतील? बाबा?"

तो रडत होता. त्याचं रडणं खरं होतं, आणि त्या रडण्याची तिला शिसारी आली. इतकी वर्षं या माणसाच्या मऊ आवाजावर ती विसंबून राहिली होती. त्याच आवाजात तो अजूनही तिचं नाव घेत होता. काका पुढे झाले, तिने त्यांनाही हाताने थांबवलं. मालकांच्या टेबलावरचा कागद उचलला आणि फाडला, परत फाडला, तुकडे इतके लहान होईपर्यंत की एकही अक्षर लागू नये.

कासवबाईने पिशवी उचलली. दाराशी थांबून म्हणाली, "मी काल तुमच्या वडिलांना एवढंच विचारलं होतं, पंख सरळ होता तर मग मुडपला कधी? त्यांनी सगळं सांगितलं. तारखेवार. पण मी त्यांच्या एकट्याच्या शब्दावर अहवाल कसा लिहिणार? म्हणून आज सगळ्यांसमोर विचारलं."

ताई तिच्याकडे बघत राहिली. इतका साधा प्रश्न होता.

७

दादा स्वयंपाकघरातल्या त्याच खुर्चीवर बसले होते. ताईने सगळं सांगितलं. लपवायचं असं काही उरलं नव्हतं. ऐकताना त्यांनी एकदाही तिला थांबवलं नाही. अर्धं चित्र तिने टेबलावर ठेवलं तेव्हा त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला, जिथे कागद संपत होता तिथपर्यंत.

"मला पहिल्या दिवशीच कळलं होतं कोणाचा हात आहे तो," ते म्हणाले. "मीच शिकवलाय."

"मग बोलला का नाहीत, बाबा?"

"बोललो की. इथेच बसून बोललो. तू चहा ठेवला होतास."

ताईने मान खाली घातली.

"जावयाचं मला फार वाटत नाही," दादा म्हणाले. "घाबरट आहे तो, पोरपणापासून. भ्यालेला माणूस कुठल्या थराला जाईल सांगता येत नाही. पण तू कोणाला भ्याली होतीस? मी म्हटलं, पंख सरळ होता. उलटून एक प्रश्न विचारायचा होतास. परक्या बाईने विचारला. तू डॉक्टर बोलावलास."

"चुकलं माझं. बाबा, मी तो कागद फाडून टाकला. आता झडपला कोणी हात लावणार नाही."

"फाडलास ते बरं केलंस." त्यांनी चष्मा काढला आणि पंच्याने पुसत राहिले. मग तिच्याकडे न बघता विचारलं, "कोरा होता, का सही केलेला?"

कोरा होता म्हणणं फार सोपं होतं. खोलीत दोघंच होती, कागदाचे तुकडे कचऱ्याच्या डब्यात पडले होते, आणि म्हाताऱ्याला तेवढाच दिलासा मिळाला असता. ताईच्या ओठांवर ते आलंही होतं.

"सही केलेला," ती म्हणाली.

दादांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि तिच्याकडे बराच वेळ बघितलं, ओळख पटवून घ्यावी तसं.

"बरं," ते म्हणाले. "आता मला जरा एकट्याला बसू दे."